पातीवर न थांबणारा थेंब

अळवावरचं पाणी म्हणजे क्षणभंगुर गोष्ट, हे आपण शाळेच्या बाकावर शिकलो. हा वाक्प्रचार ज्याने रूढ केला त्याने अळूचं पान हातात धरून नीट पाहिलं असणार. पाणी त्या पानावर पसरत नाही, गोळा होऊन राहतं, आणि पान जरा कललं की मोत्यासारखं घरंगळून खाली जातं. मागे ओलाव्याची रेषसुद्धा उरत नाही. संसाराच्या नश्वरतेसाठी याहून चांगला दाखला सापडणं कठीण. पण गोदाकाठच्या पुणतांब्यात पौष-माघात गेलात, तर हाच दाखला अध्यात्माचा न राहता रोख पैशांचा होतो. शिवारात कांदा उभा असतो, पाठीवर पंप घेतलेला माणूस सरीतून चालत असतो, आणि नोझलमधून उडालेल्या औषधाचे कितीतरी थेंब पातीवर आदळून टण्णदिशी उडी मारून मातीत पडत असतात. कांद्याची पात कुळाने अळवाची कोणी लागत नाही, पण या बाबतीत तिचा स्वभाव तोच.

पुणतांबा हे नाव बहुतेकांना दोन कारणांनी ठाऊक असतं. एक चांगदेवांची समाधी. दुसरं कारण २०१७ सालचं. त्या वर्षीच्या १ जूनला शेतकऱ्यांनी जो संप केला, त्याची हाक या गावातून उठली होती. शहरांत दूध-भाजीची टंचाई झाली, वर्तमानपत्रांत पुणतांब्याचं नाव पहिल्या पानावर आलं, आणि २४ जूनला राज्य सरकारने दीड लाखापर्यंतच्या थकीत पीककर्जाच्या माफीची घोषणा केली. भाव आणि कर्ज हे त्या संपाचे मुख्य मुद्दे होते. थेंबांचा त्यात उल्लेख असण्याचं कारण नव्हतं. मात्र माझी नोकरीची काही वर्षं गोदावरीच्या या पट्ट्यातल्या बँकशाखांत गेली आहेत, आणि पीककर्जाचे अर्ज मी शेकड्यांनी वाचले आहेत. बियाणं, खत, मजुरी, पाणी, औषधं, असे खर्चाचे रकाने त्यात असतात. विकत घेतलेल्या औषधातलं पानावर किती राहिलं, असा रकाना कुठल्याही बँकेच्या कुठल्याही अर्जात नाही. शेतकऱ्याच्या डोक्यात मात्र तो असतो.

"साहेब, पंपाला एक झाकण स्टिकर टाकतो," एका बांधावर एक कांदेवाला मला सांगत होता. "तरी औषध पातीवर बसत नाही. मग दोन झाकणं टाकली. तर पात वली दिसती, पण औषध समदं निथळून बुडाला. आता तुमीच सांगा, किती झाकणं?"

किती झाकणं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याच्या उत्तरासाठी विज्ञानाला दोनशे वर्षं लागली, आणि अजून त्यावर संशोधन चालू आहे. घरातल्या मंडळींना हे किचकट वाटू नये म्हणून जरा स्वयंपाकघरातून सुरुवात करतो.

स्वच्छ घासलेल्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवा, तो पसरून चपटा होतो. तेलाचा हात लागलेल्या ताटावर ठेवा, तो फुगून बसतो. अळवावर ठेवला तर जवळजवळ पूर्ण गोळी. थेंबाची कड जिथे पृष्ठभागाला टेकते, तिथे थेंबाच्या आतल्या बाजूने एक कोन तयार होतो. त्याला स्पर्शकोन म्हणतात. कोन शून्याजवळ असला की पाणी पूर्ण पसरलं, नव्वदाच्या पुढे गेला की पृष्ठभागाला पाणी नको आहे, आणि १५० च्या वर गेला की पृष्ठभागाने पाण्याशी उभा दावाच मांडला आहे असं समजावं. कमळ आणि अळू या शेवटल्या वर्गातले. अमुक घन आणि अमुक द्रव यांची जोडी ठरली की त्यांचा कोनही ठरतो, हे थॉमस यंग या इंग्रज माणसाने १८०५ साली मांडलं. यंग पेशाने डॉक्टर. प्रकाश लाटांनी बनलेला आहे हे दाखवणारा आणि इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं सोडवायला बसणारा यंग तो हाच. गंमत अशी की स्पर्शकोनाचं जे समीकरण आज त्याच्या नावाने शिकवतात, ते त्याने समीकरण म्हणून लिहिलंच नाही, साध्या वाक्यांत सांगितलं.

कोन ठरतो कशाने? पाण्याच्या पृष्ठभागावर एक ताण असतो, जणू ताणलेलं कातडं. त्यामुळे पाणी आपला पृष्ठभाग होता होईल तो लहान ठेवू पाहतं, म्हणजेच गोल होऊ पाहतं. पृष्ठभागाने पाण्याला आपल्याकडे ओढलं तर ते पसरतं, नाही ओढलं तर गोलच राहतं. हा पृष्ठताण मोजण्याची पद्धत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी आग्नेस पॉकेल्स नावाच्या मुलीने घरच्या स्वयंपाकघरात बसवली. स्त्रियांना तेव्हा तिथे विद्यापीठात प्रवेश नव्हता. भांडी घासताना पाण्यावर येणारा तेलकट थर पाहून तिने पत्र्याची एक पन्हळ केली आणि सुमारे दहा वर्षं मोजमापं टिपून ठेवली. पुढे तिने लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं, त्यांनी ते 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवलं, आणि १८९१ साली ते छापून आलं. धुणंभांड्यांतून विज्ञान निघतं ते असं. फक्त पाहणारा डोळा हवा.

आता पातीकडे वळू. कांद्याच्या पातीवर मेणाचा पांढुरका थर असतो. बोटाने पुसला तर पात गडद हिरवी दिसते, हे कांदा लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मेण पाण्याला ओढत नाही, हे झालं एक. दुसरं असं की हे मेण गुळगुळीत पसरलेलं नसतं, त्याचे अतिसूक्ष्म कण उभे-आडवे साचलेले असतात. कमळाच्या पानावर तर आधी बारीक उंचवटे आणि त्यांच्यावर पुन्हा मेणाचे कण. थेंब या टोकांवर टेकतो आणि खाली हवा अडकून राहते. अळूचं पान पाण्याच्या बादलीत बुडवून तिरकं पाहिलं तर ते चांदीसारखं चमकतं, ते याच हवेच्या थरामुळे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट सत्तरच्या दशकात पानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. पाहण्यापूर्वी प्रत्येक पान धुऊन घ्यावं लागे, पण काही जातींची पानं नेहमी आधीच स्वच्छ असत. घरंगळणारा थेंब धूळ आणि बुरशीचे कण उचलून नेतो, हे त्यातून कळलं. १९९७ साली त्यांनी आणि नाइनहुइस यांनी त्यावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात कमळाबरोबर कोबी आहे आणि आपलं अळूही आहे. कमळाच्या पानाला पाणी चिकटत नाही हा दाखला गीतेच्या पाचव्या अध्यायात आहेच. आपल्याकडे निरीक्षण जुनं आहे, मोजणी मात्र उशिरा झाली.

आणि मोजणीतच खरी मेख आहे. एका थेंबाचा फोटो काढून एक कोन सांगणं पुरेसं नाही. थेंबाला दोन कोन असतात. सुईने थेंबात आणखी पाणी सोडत गेलं की तो आधी फुगतो आणि मग त्याची कड पुढे सरकते. सरकतानाचा कोन मोठा असतो. आता पाणी परत ओढून घ्यायला लागलं की थेंब आधी चपटा होतो आणि मग कड मागे फिरते. त्या वेळचा कोन लहान असतो. जुन्या सावकाराची घेण्याची पायली वेगळी आणि देण्याची वेगळी असायची, तसंच हे. दोन पायल्यांमधला फरक जितका जास्त, तितका थेंब त्या जागेला धरून राहतो. अळवावर आणि कमळावर हा फरक अगदी थोडा, म्हणून थेंब काही अंशांच्या उतारावरही निसटतो. उलट गुलाबाच्या पाकळीवर थेंब दिसतो तसाच गोल, पण पाकळी उलटी केली तरी पडत नाही. चेहरा सारखा, स्वभाव वेगळा. औषध पानावर राहणार की नाही, हे थेंब बसतो कसा यापेक्षा तो मागे कसा फिरतो यावर ठरतं. हा लेख लिहिण्याचं कारणही हेच. स्टिकरच्या बाटलीवर 'पसरतं' हे ठळक छापलेलं असतं, 'मागे फिरत नाही' याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

प्रयोगशाळेत यासाठी आडवा सूक्ष्मदर्शक, मागे प्रकाश, पुढे कॅमेरा आणि सूक्ष्म सुई असं यंत्र असतं. पण हे शेतातही करता येतं. माझ्या घरात इन्सुलिनची सिरिंज असायला दुर्दैवाने कारण आहे, तेव्हा एक नवी कोरी सिरिंज खिशात टाकून मी बांधावर गेलो. सिरिंजवर १०० खुणा असतील तर एक खूण म्हणजे दहा मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. ४० खुणांची असेल तर एक खूण पंचवीस मायक्रोलिटर. थेंब दहाच्या आत ठेवावा, नाहीतर स्वतःच्या वजनानेच तो चपटतो. पातीचा तुकडा काडेपेटीवर सपाट चिकटवायचा, मेणाला बोट लागू द्यायचं नाही. मोबाइल बरोबर थेंबाच्या उंचीवर धरायचा, मागे पांढरा कागद. फोटो मोठा करून त्यावर शाळेतला कोनमापक ठेवायचा. एवढ्यावर काम भागतं. हे सगळं साध्या पाण्याने आणि स्टिकर घातलेल्या पाण्याने करावं. कीटकनाशक घेऊन असले खेळ कदापि करू नयेत.

साध्या पाण्याचा थेंब पातीवर गोळीसारखा बसला. पाणी परत ओढलं तशी कड मुकाट्याने मागे आली आणि शेवटी सगळा थेंब सुईबरोबर उचलला गेला, पात कोरडी. स्टीलच्या ताटलीवर तेच केलं तेव्हा कड जागची हलली नाही, थेंब बसत बसत पातळ झाला. स्टिकरचं पाणी पातीवर टेकताच पसरलं आणि परत ओढलं तरी ओला डाग तसाच राहिला. आमचा कांदेवाला गुडघ्यावर बसून पाहत होता. "म्हंजी साधं पानी निसतं भेटाया येतंय," तो म्हणाला. मुक्ताबाईने चांगदेवांच्या कोऱ्या पत्रावर जे म्हटल्याचं सांगतात, चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच, ते मला तिथे आठवलं. फवारणी होऊनही कोरी राहणारी पात, तीही चांगदेवांच्याच गावात!

मग एक झाकण स्टिकर टाकूनही औषध उडतं का? कारण मी ठेवलेला थेंब निवांत होता, नोझलमधून येणारा थेंब धावत येतो. तो पातीवर आपटतो, भाकरीसारखा पसरतो, आणि पृष्ठताण त्याला पुन्हा गोळा करून मागे खेचतो. मागे येण्याचा जोर जास्त असेल तर थेंब थेट उडी मारतो. एक मिलिमीटर त्रिज्येच्या पाण्याच्या थेंबाचा हा सगळा प्रवास, टेकणं, पसरणं, आकसणं, उडणं, साधारण दहा मिलिसेकंदांत आटोपतो. सेकंदाचा शंभरावा भाग. पीककर्जाच्या रकान्यातले औषधाचे पैसे त्या शंभराव्या भागात राहतात किंवा जातात.

स्टिकर म्हणजे मुळात साबणाचाच भाऊबंद. पाण्याचा ताण ७२ धरला, तर चांगला साबण तो तीसच्या आसपास आणतो आणि सिलिकॉनवाले महाग स्टिकर वीस-बावीसपर्यंत. (निंबोळी अर्कात १०० लिटरला २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालायला सांगतात, तेही यासाठीच.) पण थेंब पसरताना त्याचा पृष्ठभाग एकदम वाढतो, आणि त्या नव्या पृष्ठभागावर साबणाचे रेणू पोचायला वेळ लागतो. दहा मिलिसेकंदांत ते पोचले नाहीत, तर थेंब साध्या पाण्यासारखाच वागतो. बादलीतलं मिश्रण कितीही निसरडं लागो, आपटण्याच्या क्षणी ते तितकं निसरडं नसतं. आणि प्रमाण वाढवलं तर दुसरंच होतं. पातळ पडदा होऊन पाणी सगळं निथळतं, वर मेणाचा थर खराब होऊन शेंडे जळण्याची भीती. दोन झाकणांची ही हकीकत.

२००० साली फ्रान्समधल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक वेगळा उपाय मांडला. ताण कमी करण्याऐवजी त्यांनी पाण्यात लांब साखळीच्या रेणूंचा अगदी थोडा अंश मिसळला. पाणी पाण्यासारखंच पातळ राहिलं, पंपातून सहज उडालं, पानावर पूर्वीसारखंच पसरलं, पण मागे फिरताना मंदावलं आणि उडी मारायची थांबली. गृहिणींना हे पटकन कळेल. अळूवडीचं पीठ पानावर ठरतं ते घट्ट असतं म्हणून. सैल झालं की ओघळतं. पण घट्ट पीठ पंपातून कसं उडणार? इथे हवी ती भेंडीची तार: पातळ असूनही ओढलं की सोडत नाही. हे रेणू नेमके कसे अडवतात यावर पुढे बरीच वादावादी झाली. २०१० मध्ये डीएनएचे लांब रेणू चमकते करून थेंबात सोडले, तेव्हा मागे फिरणाऱ्या कडेजवळ ते ताणून उभे राहिलेले दिसले. म्हणजे अडवणूक थेंबाच्या पोटात नव्हती, कडेवर होती. २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत कृपा वाराणसी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक युक्ती दाखवली. दोन टाक्या, दोन नोझल, दोन्हींत विरुद्ध विद्युतभार असलेले रेणू. दोन्ही थेंब पानावर भेटले की तिथल्या तिथे बारीक साका बसतो आणि पान खरबरीत, पाण्याला धरून ठेवणारं होतं. पाठीवर एकच पंप असलेल्या माणसाला दोन टाक्या परवडतील का, हा माझा बँकेतला जुना प्रश्न. पण कल्पना नामी आहे.

थेंब बारीक केला तर? बारीक थेंबाला उडी मारण्याइतका जोर नसतो, आणि व्यास निम्मा केला की एका थेंबाचे आठ होतात, पानभर टिपके पडतात. म्हणून नोझल बदलणं हा स्टिकरच्या दुसऱ्या झाकणाहून शहाणपणाचा आणि स्वस्त उपाय आहे, असं माझं मत. मात्र फार बारीक थेंब वाऱ्यावर जातो. शेजारच्या मेथीवर जातो, माणसाच्या नाकातोंडात जातो.

इथे थेंबाची गोष्ट फक्त पैशांची राहत नाही. २०१७ सालीच, पुणतांब्याचा संप मिटून काही महिने होत नाहीत तोच, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. कपाशी माणसापेक्षा उंच वाढली होती, नोझल वर धरावं लागत होतं. जो थेंब पानावर राहिला नाही, तो मारणाऱ्याच्या अंगावर आला. आणि पान ओलं करणारा स्टिकर माणसाचं कातडं आणि सदरा यांनाही तितक्याच प्रेमाने ओलं करतो. त्याला पात कुठली आणि पाठ कुठली हे कळत नाही. गळका पंप पाठीवर बांधून, अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर जो गडी सरीतून चालतो, त्याच्या मणक्यावरून औषधाचा थेंब घरंगळत नाही, पसरतो आणि मुरतो. मी बांधावर हे सांगितलं तेव्हा थोडा वेळ कोणी बोललं नाही. स्टिकर घातल्या दिवशी तरी जाड, पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे आणि नाकाला मुसकं हवंच, आणि फवारणी वाऱ्याच्या दिशेने पाठ करून.

पातीचं मेण काढूनच टाकलं तर, असंही मला एका पोराने विचारलं. मेण कमी असलेल्या चकचकीत पातीच्या कांद्याच्या जाती आहेत, आणि नवल म्हणजे त्यांच्यावर फुलकिडे कमी येतात, हे परदेशात पूर्वीच दिसून आलं आहे. पण मेण हे झाडाचं पांघरूण, बाष्पीभवन रोखणारं. शिवाय फुलकिडे बसतात पातीच्या बेचक्यात, बुडाशी. म्हणजे पातीवरून ओघळून बेचक्यात उतरणारं औषध वाया जात नाही, ते पाहिजे तिथेच जातं. वाया जातो तो उडणारा थेंब. करप्यासाठी मात्र औषध पातीवरच टिकायला हवं. एकाच शिवारात, एकाच पंपाने, दोन रोगांसाठी थेंबाकडून दोन वेगळ्या अपेक्षा. राहुरीचं कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने सिरिंज आणि कोनमापक घेऊन गावोगावच्या दुकानांतल्या बाटल्या तपासायला घेतल्या, तर काम एका हंगामाचं आहे.

आमच्या कांदेवाल्याने ती सिरिंज ठेवून घेतली. सुई मोडून डब्यात टाकायची, हे त्याला बजावून सांगितलं. आठवड्याने त्याचा फोन आला. एक झाकण, अर्धं झाकण आणि पाव झाकण अशी तीन पाणी करून त्याने पातीवर थेंब ठेवले होते आणि पात हळूहळू उभी करून पाहिली होती. "साहेब, पाव झाकनाचा थेंब घसारला. अर्ध्याचा आन एकाचा सारखाच चिकटून ऱ्हायला," तो म्हणाला. "मंग मी अर्ध्याचे पैशे कशाला घालवतुय? फकस्त नोझल जुनं झालंय, ते बदलाया उद्या कोपरगावला चाललोय."